नाताळातल्या चौघीजणी

वाचकहो, दिवाळीच्या अंकात कोणी नाताळची गोष्ट सांगू लागला, तर तुम्हांला ते थोडे चमत्कारिक वाटेल. अजून आकाशकंदील उतरलेला नाही, डब्यातल्या चकल्या मऊ पडलेल्या नाहीत, आणि हे गृहस्थ डिसेंबरच्या गोष्टी काढून बसले! पण खरे पाहता दिवाळी अंकाचे आणि नाताळचे नाते फार जवळचे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक होते. सणाच्या दिवसांत घरची सगळी माणसे एकत्र जमतात, मने प्रसन्न असतात. अशा वेळी लहानथोरांनी मिळून वाचावे असे काही त्यांच्या हाती द्यावे, ही मूळ कल्पना. विलायतेत ती रुजवण्यात चार्ल्स डिकन्सचा वाटा मोठा. त्याचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे छोटेखानी पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी निघाले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती खपल्या. घरातल्या शेकोटीभोवती बसून वाचावी, डोळे ओले व्हावेत आणि तरी शेवटी बरे वाटावे, अशा गोष्टींची तिथे मग रीतच पडली.

अशा गोष्टी पुष्कळ आल्या आणि सणाबरोबर विसरल्या गेल्या. एक मात्र अशी निघाली, की ती सातासमुद्रांपलीकडून मराठी घरात आली आणि इथलीच होऊन राहिली. लुइसा मे ऑल्कॉट या अमेरिकन लेखिकेची 'लिटल विमेन' ही ती कादंबरी. शान्ता शेळके यांनी ती मराठीत आणली आणि तिला नाव दिले 'चौघीजणी'. समीक्षकांनी तिच्याविषयी काय म्हटले, हा आजचा विषय नव्हे. साध्या वाचणाऱ्यांनी तिच्याविषयी काय म्हटले, आणि त्यांच्या म्हणण्याने त्या पुस्तकाचे काय झाले, तेवढे सांगायचे आहे. कारण हे पुस्तक जगले ते वाचकांच्या मतांवर. आणि आपल्याकडच्या वाचकांनी त्यात जे पाहिले, ते ते जिथे लिहिले गेले तिथल्या लोकांच्या लक्षातही आले नसावे.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. वडील सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेलेले. घरी आई, आणि मेग, जो, बेथ, एमी या चार मुली. नाताळ तोंडावर आला आहे, हातात पैसा नाही, यंदा कोणाला काही भेट मिळायची नाही म्हणून चौघींची कुरकुर चालली आहे. तिथेच पुस्तक उघडते. मग आपापल्या जवळचा एकेक डॉलर स्वतःवर न खर्चता त्या आईसाठी काही ना काही आणायचे ठरवतात. सणाच्या सकाळी आई बाहेरून येऊन सांगते, की जवळच एक बाळंतीण पडली आहे, तिची सहा पोरे थंडीने एका बिछान्यात गोळा होऊन बसली आहेत, घरात विस्तव नाही, खायला नाही. तुमची न्याहारी त्यांना भेट म्हणून द्याल का? मुली भुकेल्या आहेत. क्षणभर कोणी बोलत नाही. मग टोपल्या भरल्या जातात आणि सगळ्याजणी निघतात. पहिल्या भागाच्या शेवटाशी पुढचा नाताळ येतो आणि त्या दिवशी, दुखण्यातून उठलेले वडील अचानक घरी येतात. एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंतचे चार मुलींचे वर्ष, एवढीच ती गोष्ट.

हे पुस्तक लिहिणारीला ते मुळीच लिहायचे नव्हते. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेतले टॉमस नाइल्स यांनी तिच्याकडे मुलींसाठी पुस्तक मागितले. आपल्या बहिणी सोडल्या तर मुलींशी आपली फारशी ओळखच नाही, असे लुइसाने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. पण घरी नड होती. वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट थोर विचारांचे, शिक्षणात नवे प्रयोग करणारे. मात्र संसाराला पैसा लागतो ही गोष्ट त्यांच्या तत्त्वज्ञानात कुठे बसत नसे. १८४३ साली त्यांनी 'फ्रूटलँड्स' नावाची आदर्श वसाहत काढली. ती सात-आठ महिन्यांत थंडीने आणि उपासमारीने मोडली. असे गृहस्थ आपल्या शिक्षकी पेशात अगदीच अनोळखी नाहीत! तेव्हा घर चालवले ते आईने आणि मुलींनी. लुइसाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, टोपणनावाने थरारक गोष्टी लिहिल्या. १८६८च्या उन्हाळ्यात, काँकॉर्ड गावच्या 'ऑर्चर्ड हाउस'मध्ये, वडिलांनीच दोन खिडक्यांच्या मध्ये बसवून दिलेल्या एका लहानशा अर्धगोल मेजावर तिने हे पुस्तक लिहून काढले.

पहिली काही प्रकरणे नाइल्सकडे गेली. त्यांना ती कंटाळवाणी वाटली. लेखिकेचेही तेच मत पडले. प्रकाशकाला नको, लेखिकेला नको. पुस्तक तिथेच संपायचे. पण नाइल्सनी ते हस्तलिखित आपल्या भाचीला वाचायला दिले. ती मुलगी त्यात अशी रमली की मामांना आपल्या निर्णयाचा फेरविचार करावा लागला. मग आणखी काही मुलींना दिले. त्यांनीही तेच सांगितले. ३० सप्टेंबर १८६८ रोजी पुस्तक निघाले. पहिल्या खेपेच्या दोन हजार प्रती पाहता पाहता संपल्या. या पुस्तकावरचा पहिला खरा अभिप्राय एका लहान मुलीचा आहे, आणि तो कुठल्या मासिकात छापून आलेला नाही, हे ध्यानात ठेवावे. नाइल्स हे चांगले प्रकाशक, एवढ्यासाठी की त्यांनी तो अभिप्राय आपल्या मतापेक्षा मोठा मानला. शिवाय एकरकमी पैसे घेऊन मोकळी होऊ नकोस, हक्क स्वतःकडे ठेव, असा सल्ला त्यांनी लुइसाला दिला. त्या सल्ल्यावर ऑल्कॉटांचे सारे कर्ज फिटले.

आता या गोड गोष्टीच्या पाठीमागचा खरा नाताळ कसा होता, तेही पाहू. कादंबरीत वडील युद्धावर आहेत आणि मुली घरी त्यांची वाट पाहत आहेत. प्रत्यक्षात ब्रॉन्सन ऑल्कॉट युद्धावर गेलेच नव्हते. गेली होती ती लुइसा. डिसेंबर १८६२ मध्ये ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये सैनिकांच्या इस्पितळात परिचारिका म्हणून रुजू झाली. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी गाड्या भरभरून येत होते. त्या वर्षीचा नाताळ तिने जखमा धूत आणि मरणाऱ्यांची पत्रे लिहीत काढला. महिनाभरात तिला विषमज्वर झाला आणि जानेवारीत वडील जाऊन तिला घरी घेऊन आले. दुखण्यावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने तिची प्रकृती कायमची खालावली. कादंबरीत वडील आजारातून उठून घरी येतात आणि मुली त्यांच्या गळ्यात पडतात. प्रत्यक्षात वडिलांच्या हातात होती ती भ्रमिष्टासारखी बडबडणारी मुलगी. आणि गरिबांना द्यायला गेलेल्या त्या टोपल्यांमागेही एक सत्य आहे. १८५६ साली आई ज्या गरीब कुटुंबाला मदत करीत होती, त्याच घरातून तांबडा ताप ऑल्कॉटांकडे आला, आणि धाकट्या एलिझाबेथची, म्हणजे कादंबरीतल्या बेथची, प्रकृती जी ढासळली ती सावरलीच नाही. १८५८च्या मार्चमध्ये ती गेली. ज्या दानाचे कौतुक वाचकांनी केले, त्याची किंमत त्या घराने अशी मोजली होती. तरीही लुइसाने ते दान पुस्तकातून गाळले नाही. हा गोडवा भाबडा नाही.

पुस्तकावर पहिला मोठा आक्षेप आला तो मात्र निराळ्याच बाजूने. त्याच सुमारास एका धार्मिक नियतकालिकाने अभिप्राय दिला, की हे ख्रिस्ती पुस्तकच नव्हे. रविवारच्या शाळांच्या ग्रंथालयात ते ठेवण्याजोगे नाही. कारण? यात नाताळ आहे. पण मुली घरातल्या घरात नाटक करतात, न्याहारी उचलून देतात, आईला सपाता आणतात, आणि धर्मसिद्धान्त कुठेच सांगत नाहीत. आईने सणाच्या सकाळी चौघींच्या उशाखाली एकेक लहानसे पुस्तक ठेवलेले असते. ते पुस्तक कोणते, याचे नाव लेखिकेने दिलेले नाही. कोणी म्हणतात तो बायबलाचा नवा करार. कोणी म्हणतात जॉन बन्यनचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'. वाचकांचा हा वाद आजतागायत मिटलेला नाही, आणि मिटवण्याची तसदी लेखिकेने घेतली नाही.

या आक्षेपाकडे मराठी वाचकाने जरा निरखून पाहावे. बन्यनचे ते पुस्तक आपल्याला नवे नव्हते. हरि केशवजी यांनी ते 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ सालीच मराठीत आणले होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव घेतो. विधवांची दुःखे तिने मोठ्या कळकळीने मांडली. पण शेवटी वाचकाने कोठे जाऊन पोचावे हे तिने आधीच ठरवून टाकले होते. ज्या बॉस्टनमधून 'लिटल विमेन' निघाले, त्याच बॉस्टनच्या अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करू लागले. शाळा, छापखाने, पुस्तके असे पुष्कळ काही त्यांनी दिले, आणि त्यांचे ऋण मराठीवर आहे. पण त्या पुस्तकांना वाचकाकडून काही हवे होते, आणि वाचकाला ते कळत होते. 'चौघीजणी'ला वाचकाकडून काही नको होते. त्या धार्मिक टीकाकाराला जी या पुस्तकाची उणीव वाटली, तिच्याचमुळे ते आपल्या घरात आडकाठीवाचून आले. त्यातला नाताळ देवळातला नव्हता, स्वयंपाकघरातला होता. आणि स्वयंपाकघरातला सण कोणत्याही बाईला परका वाटत नाही.

आम्हां नाशिककरांना तर याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली आणि सोडवून आणलेली मुले तिथे वाढली. लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन १८७४ साली इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा त्यांतलाच. आज शहर शरणपुराच्या चारही बाजूंनी वाढले आहे. डिसेंबर आला की तिकडच्या घरांवर कागदी तारे लागतात, आणि नाताळात तिथल्या मराठी घरांतून जे ताट येते, त्यात केकच्या शेजारी करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या असतात. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत जी गर्दी लोटते, तिच्यात कपाळाला कुंकू लावलेल्या बायाही असतात.

आणि आता एक योगायोग पाहा. 'लिटल विमेन' ज्या वर्षी निघाले त्याच १८६८ साली, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर गावी, एक मुलगी जन्माला आली. तिचे माहेरचे नाव मनू. काँकॉर्डच्या जोला माळ्यावर बसून गोष्टी लिहायला कागद होता. मनूला अक्षरओळखही नव्हती. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले, आणि अक्षरे गिरवली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली. नवरा नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे गेल्या. या साऱ्याचे पुढे 'स्मृतिचित्रे' झाले. १९३४ पासून त्याचे भाग निघाले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. त्या पुस्तकातही एका ख्रिस्ती घराचा संसार आहे, पैशाची ओढ आहे, परक्यांना घासातला घास देणे आहे, आणि देऊन झाल्यावर आता घरच्यांनी काय खायचे अशी पंचाईतही आहे. पण वाचणाऱ्यांनी त्याला धर्माचे पुस्तक म्हटले नाही. ज्या घरांत टिळकांचे धर्मांतर एके काळी शोकाचा विषय झाले होते, तशाच घरांत पुढे 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचून लोक हसले. ऑल्कॉट आणि लक्ष्मीबाई, दोघींनी एकच केले: स्वतःचे ओढगस्तीचे घर न लाजता उघडे करून दाखवले. कानावर हसू आले की वाचक धर्म विचारीत नाही.

अशा वाचकांपुढे शान्ताबाईंनी 'चौघीजणी' ठेवली. शान्ता शेळके १९२२ साली इंदापुरात जन्मल्या. अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये पत्रकारी, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आणि नंतर मुंबईत अध्यापन, आणि सगळीकडे कविता. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांनी नावे बदलून मेगची मंगल किंवा जोची जानकी केली नाही. बर्फ बर्फच राहिले, नाताळ नाताळच राहिला. बदलली ती भाषा. ती अशी, की चार बहिणींचे भांडण आपल्याच माजघरातून ऐकू यावे. माझ्यासारख्या, इंग्रजी मॅट्रिकपुरतेच असलेल्या माणसाला जो भेटली ती याच वाटेने. 'छोट्या बायका' असे नाव दिले असते तर पुस्तक परके राहिले असते. 'चौघीजणी' म्हणताच त्या कोणाच्या तरी शेजारच्या झाल्या.

वर्गातली मुले वाचनाच्या तासाला जी मते देतात, ती मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. मुलगे सुरुवातीला नाक मुरडतात: यात काही घडतच नाही! त्यांना मी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे नाव सांगतो. शिकारी, लढवय्या गडी. पण लोक आपल्याला बायकी म्हणतील अशी शंका असूनही, लहानपणी ही पुस्तके आपल्याला अतिशय आवडत, असे त्यांनी १९१३च्या आत्मचरित्रात सांगून टाकले आहे. काही मुलींना आई फार उपदेश करते असे वाटते. तेव्हा दुसरी एखादी त्यांना तो प्रसंग काढून दाखवते. एमीने रागाच्या भरात जोचे हस्तलिखित जाळले आहे, जोने अबोला धरला आहे, आणि त्या अबोल्यापायी एमीच्या जिवावर बेतते. त्या रात्री जो आपल्या रागाला दोष देत रडते, तेव्हा आई सांगते की मलाही बहुधा रोजच राग येतो, फक्त तो दाखवायचा नाही हे शिकायला मला वर्षे लागली. आई रागावते हे सर्वांनाच ठाऊक असते. आईने ते मुलीपाशी कबूल करावे, हे पुष्कळ मुलींना नवे असते.

पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते मत कुणा विद्यार्थिनीचे नव्हे, एका विद्यार्थिनीच्या आजीचे. नातीने वाचून दाखवलेले पुस्तक आजींनी शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, "चार मुली झाल्या त्या बाईला, पण साऱ्या पुस्तकात कुणी एकदासुद्धा हाय केलं नाही गं!" दुसऱ्या दिवशी मुलीने ते वर्गात सांगितले आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. अमेरिकेतल्या वाचकांनी या पुस्तकावर दीडशे वर्षे पुष्कळ लिहिले. गरिबी, युद्ध, धर्म, स्त्रीचे हक्क, सगळे लिहिले. पण घरात चार मुलीच आहेत, मुलगा नाही, आणि त्याबद्दल आईचा निःश्वास नाही, वडिलांचा नवस नाही, शेजारणीची कीव नाही, ही गोष्ट वेगळी काढून दाखवायला मराठी आजीच हवी होती. आपल्याकडे चौथीचे नाव ठेवतानासुद्धा आता पुरे असे देवाला सांगायची पद्धत होती. त्याच पुस्तकात आई मुलींना असेही सांगते, की दुःखी बायको होण्यापेक्षा सुखी अविवाहिता होणे बरे. हुंड्याच्या काळजीने ज्या घरांतल्या झोपा उडाल्या, त्या घरांतल्या मुलींनी हे वाक्य कसे वाचले असेल, याची कल्पना करावी. नुसते जिव्हाळ्याचे म्हणून हातात आलेले पुस्तक इतके धाडसाचे निघावे, आणि वडीलधाऱ्यांना त्याचा संशयही येऊ नये!

आपल्या वाचकाला हे घर ओळखीचे वाटण्याचे आणखी एक कारण आमच्या नाशिकातच आहे. १९३३च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ या पाच दिवसांत, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. तिथेही कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात केलेला अपमान आहे, आणि मुलाला घडवणारी आई आहे. १९५३ मध्ये अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या पुस्तकावरही दोन मते पडली. फार रडवते, असे काही म्हणाले. रडवते म्हणूनच घरात हवे, असे इतर म्हणाले. हीच दोन मते 'चौघीजणी'च्या वाट्याला आली. मात्र दोन आयांत एक फरक आहे. श्यामची आई झिजते आणि जाते. मुलाच्या आठवणीत ती देवता होते. चौघींची आई जगते, थकते, रागावते, आणि मुलींना निरोप देऊन मागे उरते. एक आई रडून आठवायची, दुसरी रोज भेटायची. आपल्या वाचकांनी दोघींना ठेवून घेतले, यातच त्यांचा शहाणपणा दिसतो.

आता त्या प्रसिद्ध भांडणाकडे येऊ. शेजारचा श्रीमंत, उमदा, खोडकर लॉरी जोवर प्रेम करतो. जो त्याला नाही म्हणते. पहिला भाग निघाला तेव्हा हे लिहून व्हायचे होते. तेवढ्यात मुलींची पत्रे येऊ लागली: पुढे कोणाचे लग्न कोणाशी होते ते लवकर सांगा. लुइसा चिडली. बाईच्या आयुष्याचा शेवट आणि हेतू लग्न एवढाच जणू, असे तिने रोजनिशीत लिहिले, आणि कोणाच्या आनंदासाठी आपण जोला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही असे ठरवले. तिच्या मते जोने लेखिका म्हणून एकटेच राहायला हवे होते. पण पत्रे थांबेनात. शेवटी एप्रिल १८६९ मध्ये दुसरा भाग निघाला त्यात तिने एक अर्धी तडजोड, अर्धा सूड असा तोडगा काढला: जोचे लग्न लावले, पण लॉरीशी नव्हे, वयाने मोठ्या, फाटक्या खिशाच्या, जर्मन प्रोफेसर भाएरशी! म्हणजे ज्या वाचकांच्या मताने पुस्तक जन्माला आले, त्याच वाचकांनी जोचे एकटेपण तिच्याकडून काढून घेतले. वाचकांचे मत नेहमीच शहाणे असते असे नाही.

पण ते मत बदलत जाते, हे त्याचे मोठेपण. सिमोन द बोव्हार यांनी १९५८च्या आत्मकथेत लिहिले, की लहानपणी त्यांनी स्वतःला जोमध्ये पाहिले. लग्नाची जो नव्हे, पुस्तकांची जो. २०१९ च्या नाताळात ग्रेटा गर्विगचा चित्रपट अमेरिकेत लागला. त्यात नायिकेचे लग्न लाव म्हणून प्रकाशक हटून बसतो आणि लेखिका त्याच्याशी पैशाचा आणि हक्काचा सौदा करते. दीडशे वर्षांनी वाचकांनी लुइसाला तिचा शेवट परत दिला, असे म्हणायला हरकत नाही. आमच्या वर्गातही हे पालटले आहे. पूर्वी बहुतेक मुली लॉरीच्या बाजूच्या असत. आताशा एखादी ठामपणे विचारते, "पण सर, तिला नको होता ना? मग झालं!" त्यावर मी काही बोलत नाही. शिक्षकाने गप्प बसावे असे काही क्षण असतात.

वाचकहो, बॉस्टनच्या मुलींनी पत्रे लिहिली, लेखिकेने त्यांची नोंद ठेवली, म्हणून त्यांची मते आज आपल्याला कळतात. आपल्याकडे नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तके देत आले आहे, गावोगावच्या ग्रंथालयांनी घराघरांत पुस्तके पोचवली. पण त्यांच्या नोंदवहीत पुस्तक कोणी नेले आणि कधी परत केले एवढेच असते. दुपारची भांडी आवरून, पदराला हात पुसून, भिंतीला टेकून ज्या बायांनी ते पुस्तक वाचले किंवा नातीकडून ऐकले, त्यांना काय वाटले ते कोणी लिहून ठेवले नाही. त्या आजींचे एक वाक्य माझ्या कानी आले, ते निव्वळ नातीने दुसऱ्या दिवशी सांगितले म्हणून. अशी किती वाक्ये चुलीपाशी बोलली गेली आणि तिथेच विरून गेली असतील!

म्हणून या दिवाळीत एवढे करा. घरात सगळी जमलेली आहेतच. कपाटातली 'चौघीजणी' काढा. नसेल तर मावशीकडे किंवा आत्याकडे नक्की असेल. घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा, हे तुम्ही कधी वाचले आणि काय वाटले. त्या आधी म्हणतील, मला मेलीला काय कळतंय त्यातलं. जरा थांबा. मग त्या सांगतील. ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, आणि खाली त्यांची सही घ्या.